न धुतलेली शेव्हेल

जुन्या गाडीची किंमत इंजिन सांगत नाही, रंग सांगत नाही आणि मालक तर मुळीच सांगत नाही. किंमत सांगते धूळ! हे आमच्या वेंडेल प्रुइटचं ठाम मत. मिलर्स फोर्क गावात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवता चालवता त्याने हे शास्त्र स्वतःच काढलं, स्वतःच वाढवलं आणि त्यात पहिला नंबरही स्वतःच पटकावला.

कुणाच्या कोठारात वर्षानुवर्षं पडलेली गाडी निघाली, की वेंडेलला बोलावणं जायचं. हा तिथे जाऊन हात पाठीमागे बांधायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा, नाकाने दोनदा वास घ्यायचा आणि मग करंगळीचं टोक हलकेच धुळीला टेकवून ते जिभेला लावायचा! डोळे मिटून म्हणायचा, "गव्हाचा भुसा. कोठाराचं तोंड पूर्वेला. बारा वर्षांत हिला कुणी हात लावलेला नाही." आणि पंचाईत अशी, की हे तीन-चारदा खरं निघालं होतं. माणसाचं डोकं फिरायला तेवढं पुरतं.

"अरे, रंग काय, उद्याही मारता येतो," तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. "पण अस्सलपणा कुठल्या दुकानात मिळतो का? जी गाडी धुतली, ती संपली!"

त्याचा मेहुणा डॉयल, म्हणजे त्याची बायको नॅडीन हिचा धाकटा भाऊ, हे सगळं पाहून कपाळाला हात लावायचा. डॉयल अंगाने बैलासारखा, पण सावलीला घाबरणारा. वेंडेल त्याला बरोबर न्यायचा, कारण गाडी लादून आणायचा ट्रेलर डॉयलचा होता.

"दाजी," डॉयल म्हणायचा, "एक दिवस त्या जिभेवर भलतंच काहीतरी येणार आहे, सांगून ठेवतो!"

पण वेंडेलच्या मनात खरं काय होतं, ते वेगळंच. त्याच्या वडिलांची एक शेव्हेल गाडी होती, सत्तर सालची, गडद हिरवी. चालू केली की शेजारच्यांच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या म्हणे. वेंडेल जन्मला त्याच आठवड्यात त्यांनी ती विकली, कारण तिच्यात पाळणा मावेना. पुढे म्हातारा मरेपर्यंत एकच पालुपद धरून होता, "तू आलास नि ती गेली." थट्टेत म्हणायचा, पण थट्टा रोज झाली की ती थट्टा राहत नाही. वेंडेलने तशीच हिरवी शेव्हेल मिळवायची आणि मग एकदाचं सुखाने श्वास घ्यायचं ठरवलं होतं. तिच्यासाठी त्याने आपली मासेमारीची बोटसुद्धा विकली. नॅडीनने तोंडावर सांगितलं होतं, "एक गाडी. एकदाच. त्यानंतर दारात गंजकं पत्र्याचं डबडं दिसलं, तर तुझं अंथरूण त्याच्यातच घालीन."

अशात ऑक्टोबरच्या शेवटी, गुरांच्या खाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर एक चिठ्ठी झळकली. 'हिरवी शेव्हेल, १९७०. धुतलेली नाही. धुऊन मिळणार नाही. धुणाऱ्यांनी येऊ नये. ऑर्फा स्टकी.'

वेंडेलला भोवळच आली! ही चिठ्ठी म्हणजे जणू त्याच्यासाठी स्वर्गातून पडलेलं आमंत्रण.

"म्हातारीला अक्कल आहे!" तो म्हणाला.

"म्हातारीने पाच जणांना हाकलून दिलंय," डॉयल म्हणाला. "एकाच्या मागे तर फावडं घेऊन धावली. गाडीला बोट लावलं म्हणून! दाजी, मला हे लक्षण ठीक दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून दोघे निघाले. सकाळचं धुकं तोवर उठायला हवं होतं, पण ते उठलं नव्हतं. मका कापून झालेला. दोन्ही बाजूंना नुसती खुंटं, आणि खुंटांवर ते धुकं असं पसरलेलं, की शेतं आहेत का तळं आहे, कळू नये. स्टकींच्या घराशी पोहोचेपर्यंत त्यांना रस्त्यात एकही माणूस दिसला नाही, आणि घराशी पोहोचल्यावर कुत्रंही भुंकलं नाही. म्हणजे कुत्रं होतं. पायरीवर बसलं होतं. फक्त भुंकलं नाही.

ऑर्फाबाई दारातच उभ्या होत्या, छोट्याशा, पांढऱ्या स्वच्छ केसांच्या, हातात बश्या. आधी खाल्ल्याशिवाय गाडी नाही, हा त्यांचा नियम. पर्सिमन नावाच्या केशरी फळाचं गरमगरम पुडिंग आणि वर चाळणीने भुरभुरवलेली पिठीसाखर! वेंडेलने एक बशी संपवली. डॉयलने तीन. खाताना घाबरायचं नसतं, एवढं शहाणपण त्याला होतं.

"तुम्ही धुळीवरून किंमत करता म्हणे," ऑर्फाबाई म्हणाल्या.

"करतो."

"मग धूळ महत्त्वाची मानता."

"बाई, धूळ म्हणजेच गाडी! बाकीचं नुसतं लोखंड."

ऑर्फाबाईंनी त्याच्याकडे असं निरखून पाहिलं, जणू तो भाजी आहे आणि त्या बाजारात उभ्या आहेत. मग म्हणाल्या, "चला. आत जाताना टोप्या काढा."

कोठारात शिरताना टोप्या काढायच्या? आमच्याकडे टोपी फक्त दोनदा निघते, चर्चमध्ये आणि मयताला. पण म्हातारीचं घर, म्हातारीचे रिवाज. दोघांनी टोप्या काढल्या. त्याहून विचित्र म्हणजे, दार उघडण्याआधी ऑर्फाबाईंनी त्यावर टकटक केलं. हळूच म्हणाल्या, "आलेत बरं का. नीट वागतायत अजून तरी."

"कोणाला सांगताय?" डॉयलचा आवाज चिरकला.

"मांजराला असेल रे," वेंडेल कुजबुजला.

आत खरंच मांजर होतं. करडं, मोठं. गाडीसमोर एका पिंपावर बसलेलं, आणि काचेतून ड्रायव्हरच्या जागेकडे एकटक पाहत होतं. यांच्याकडे त्याने मानही वळवली नाही.

आणि गाडी! तीच ती. रुंद खांदे, बसकं कपाळ, चारही टायर जमिनीत रुतलेले, अंगावर बोटभर धूळ. तिच्याखाली तो हिरवा रंग आहे, हे नुसतं एका दाराच्या कडेपाशी दिसत होतं. वडिलांच्या पाकिटातल्या फोटोत होता, अगदी तो हिरवा. त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून त्याने बॉनेट कडेला धरून, धूळ हलणार नाही इतपत अलगद वीतभर उचललं. इंजिनावरचा ठोकलेला आकडा गाडीच्या आकड्याशी जुळत होता. पट्टे, नळ्या, टोपणं, सगळं कारखान्यातून आलेलं तसंच. बॅटरी तेवढी नव्हती. बॅटरीची जागा रिकामी, आणि तिथे कोळ्याचं जुनं जाळं.

"दाजी," डॉयल गाडीच्या काचेतून आत डोकावत म्हणाला, "उंदराचं घर नाही."

"म्हणजे?"

"चाळीस वर्षं कोठारात पडलेली गाडी, आणि एक बीळ नाही, एक लेंडी नाही! उंदीर आत गेलेच नाहीत. का गेले नाहीत?"

"मांजर आहे ना."

"मांजर चाळीस वर्षांचं आहे का?" डॉयल म्हणाला, आणि मग आणखी हळू, "आणि ड्रायव्हरची सीट बघा. खोलगट झालीय. कुणी बसल्यासारखी. आत्ता."

वेंडेलने पाहिलं. सीट खोलगट होती. शेजारचीही होती. आरसासुद्धा कुणा उंच माणसाने वळवून घेतल्यासारखा होता. वेंडेलने त्यात डोकावलं, तर त्याला स्वतःचा चेहरा न दिसता मागचं दार दिसलं, ज्यातून ते आले होते. पण शास्त्रज्ञाने असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं!

"आता धूळ," तो खाकरून म्हणाला. "बाई, परवानगी आहे?"

ऑर्फाबाईंचे डोळे चमकले. "परवानगी विचारणारे तुम्ही पहिलेच. बाकीच्यांनी सरळ बोट ओढलं हो! वरून खालपर्यंत! रंग बघायला म्हणे." त्यांनी मान डोलावली. "लावा बोट. पण हळूच."

वेंडेलने वास घेतला. मग वाकून पाहिलं. धुळीचे थर दोन होते. खालचा तपकिरी, जाड, गवताचा. पण वरचा! वरचा करडा-पांढरा, मऊ, अगदी एकसारखा, जणू कुणी मन लावून पसरलाय. बॉनेटवर होता, टपावर होता, आणि आत फक्त ड्रायव्हरच्या जागेवर. वेंडेलने करंगळी टेकवली. जिभेला लावली. डोळे मिटले.

"हं. खालची धूळ ठीक. पण वरची निराळी. किंचित खारट. थोडी चुन्याची चव. भिंतीला चुना मारला होतात का?"

"नाही."

"मग हाडांचं खत ठेवलं असेल इथे. वय सांगतो... तीन वर्षं. त्याहून जुनी नाही."

ऑर्फाबाईंनी पदर नव्हता म्हणून एप्रन डोळ्यांना लावलं. "तीनच," त्या म्हणाल्या. "येत्या मार्चला चार पुरी होतील. कसं ओळखलंत हो! नुसत्या चवीने!"

वेंडेलची छाती फुगली. त्याच्या शास्त्राने आजवर कुणी रडलं नव्हतं. "सराव आहे," तो नम्रपणे म्हणाला. "आता किमतीचं बोलू. बोलू ना? मी म्हणतो, वीस हजार डॉलर."

पोंऽऽऽ!

हॉर्न! कोठारभर घुमला, वरच्या तुळयांवरची कबुतरं फडफडली, आणि डॉयल एका उडीत मक्याच्या पोत्यांवर चढला. मांजर जागचं हललं नाही.

"बॅटरी नाहीये!" डॉयल वरून ओरडला. "दाजी, तिच्यात बॅटरी नाहीये!"

"तार कुठेतरी टेकली असेल," वेंडेल म्हणाला. तार टेकली तरी वीज कुठून येणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दुकान कशाचं होतं त्याचं!

ऑर्फाबाई मात्र नेहमीचंच असल्यासारख्या म्हणाल्या, "वर्लिनला पटलं नाही. माझे यजमान हो. त्यांची आहे गाडी."

"पण ते तर... म्हणजे मी ऐकलं होतं, ते वारले."

"वारले ना. तीन वर्षं झाली, सांगितलं की आत्ता तुम्हीच."

हे वाक्य वेंडेलच्या डोक्यात शिरलं, पण तिथे बसायला जागा मिळेना, म्हणून बाहेर पडलं. "पंचवीस?" तो म्हणाला.

पोंऽऽऽ!

"तीस म्हणा!" पोत्यांवरून डॉयल रडकुंडीला आला. "दाजी, तीस म्हणा आणि चला इथून!"

"तीस," वेंडेल म्हणाला. बोटीचे, साठवलेले आणि पुढच्या दोन सुट्ट्यांसाठी राखलेले मिळून बरोबर तेवढेच होते.

शांतता. कबुतरंसुद्धा गप्प. ऑर्फाबाई म्हणाल्या, "झालं. पण एक अट. शपथ घ्यायची. हात बॉनेटच्या कडेला ठेवा. म्हणा, मी ही धुणार नाही, पुसणार नाही, वारा लागू देणार नाही, आणि माझ्या हयातीत दुसऱ्याला विकणार नाही."

वेंडेलला हसूच आलं. एवढीच अट? हे तर तो फुकटात करणार होता! त्याने हात ठेवला आणि खणखणीत आवाजात शपथ घेतली. "बाई, हिच्यावरचा एक कण हलला, तर नाव लावणार नाही!"

आणि नेमका त्याच क्षणी पोत्यांवरून उतरून शेजारी आलेला डॉयल शिंकला.

डॉयलची शिंक म्हणजे साधीसुधी गोष्ट नाही. चर्चमध्ये तो शिंकला होता तेव्हा मेणबत्त्या परत लावाव्या लागल्या होत्या. बॉनेटवरची सगळी करडी धूळ एकदम उठली! फळ्यांच्या फटींतून धुक्यातला फिकट उजेड येत होता, त्यात ती तरंगली. खाली पडेना. हळूहळू वर गेली, रुंदावली, आणि क्षणभर, देवाशप्पथ, क्षणभर तिला खांदे होते.

"वर्लिन!" ऑर्फाबाई किंचाळल्या.

मग ती धूळ सावकाश खाली आली. थोडी बॉनेटवर, थोडी टपावर, आणि बरीचशी वेंडेलच्या डोक्यावर, खांद्यांवर आणि उघड्या राहिलेल्या तोंडात.

"असू दे, असू दे," ऑर्फाबाई डॉयलची पाठ थोपटत म्हणाल्या. "बसेल तो परत. नेहमी बसतो."

आता मघाचं वाक्य परत आलं, आणि या वेळी त्याला बसायला ऐसपैस जागा मिळाली. वेंडेलचा चेहरा त्या धुळीच्याच रंगाचा झाला.

"बाई," तो जीभ बाहेर ठेवूनच म्हणाला, "हे... हे म्हणजे..."

"म्हणजे काय? तुम्हाला ठाऊक नव्हतं? अख्ख्या चर्चला ठाऊक आहे! मला वाटलं, तुम्ही चवीनेच ओळखलंत."

मग त्यांनी सांगितलं, अगदी साधेपणाने. वर्लिन युद्धावरून आला तो पगार साठवून, आणि त्याने पहिली गोष्ट घेतली ती ही गाडी. हिच्यातूनच त्याने ऑर्फाला मागणी घातली. पुढे गुडघे गेले, गाडी कोठारात लागली, तरी रोज जेवण झालं की दोघं येऊन बसायची, तो स्टिअरिंगपाशी, ही शेजारी, कॉफी घेऊन. जाताना म्हणाला, मला जमिनीत घालू नकोस, माझ्या जागेवर बसव. दहन झालं. राख डब्यात आली. "डब्यात त्याला कोंडल्यासारखं झालं असतं हो. मग मी पसरला. हाताने नीट पसरेना, गोळे व्हायला लागले. म्हणून पिठाच्या चाळणीने."

डॉयलने सावकाश मान वर केली. "कुठल्या चाळणीने?"

"माझ्याकडे एकच आहे."

"जिने आज... पुडिंगवर साखर..."

"तीच. चांगली आहे, बारीक जाळीची."

"धुतली होती ना?" डॉयलने विचारलं. त्या प्रश्नात तीन बश्यांचा आर्तनाद होता.

"छे रे बाळा," ऑर्फाबाई म्हणाल्या. "वर्लिनला धुऊन मोरीत सोडून देऊ? झटकली होती हो चांगली!"

डॉयल बाहेर गेला. बराच वेळ बाहेरच होता.

वेंडेल उरला. निघून जाता आलं असतं. तीस हजारांत दुसरी मिळाली असती, बिनमाणसाची. तेवढ्यात ऑर्फाबाई गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाल्या, "शेत विकलंय. नवा मालक वसंतात हे कोठार पाडणार. मला लेक ॲरिझोनाला नेतेय, तिच्याकडे एक खोली आहे, गॅरेज नाही. पाच जण आले, पाचही जणांनी आधी बोट ओढलं. मी रात्र रात्र विचार करते, याला कोण सांभाळेल? कुठल्या तरी पाण्याच्या फवाऱ्याखाली जाईल बिचारा." त्या त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही परवानगी मागितलीत."

वेंडेलने त्या दाराच्या कडेच्या हिरव्या रंगाकडे पाहिलं. म्हातारी खरी कशाची किंमत करत होती आणि त्याने ती परीक्षा कुठे पास केली, हे त्याला आता कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली, अभिमानही वाटला आणि तोंड धुवावंसंही फार वाटलं. तो एवढंच म्हणाला, "ताडपत्री आहे का, बाई? वारा लागायला नको."

गाडी ट्रेलरवर चढली. वर ताडपत्री, तिच्यावर दोऱ्या. ऑर्फाबाईंनी कडेवरून हात फिरवला, कानात सांगावं तसं काहीतरी सांगितलं, आणि मागे वळून न पाहता घरात गेल्या. मांजर ट्रेलरमागे फाटकापर्यंत आलं.

डॉयल पायी चालल्याच्या वेगाने चालवत होता. धुक्यात दिवे लावलेले, आवाज कसलाही नाही. समोरून एक पिकअप आली. हळू झाली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. आतल्या शेतकऱ्याने टोपी काढून छातीशी धरली.

"हा का थांबला?" डॉयल घाबरून म्हणाला.

पुढे आणखी एक गाडी थांबली. मग एक ट्रॅक्टर. आमच्याकडे मयत चाललं, की येणारा-जाणारा कडेला थांबतो, टोपी काढतो; कुणाचं, ते विचारत नाही. धुक्यातून इतक्या हळू, दिवे लावून, झाकलेलं काहीतरी घेऊन दोन पडलेल्या चेहऱ्यांची माणसं चाललीत म्हटल्यावर लोकांनी आणखी काय समजावं?

वेंडेल आधी ओशाळला. खिडकीतून ओरडून सांगावं, अहो, गाडी आहे नुसती! मग त्याने तोंड मिटलं, आपली टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. डॉयलनेही काढली.

घरासमोर मात्र नॅडीन उभी. तिने मनापासून ठरवलं होतं, की नवऱ्याच्या आयुष्याचं स्वप्न दारात येतंय, तर आपण कुरकुर करायची नाही. साबणाचं पाणी बादलीत तयार, हातात पाण्याचा पाइप, आणि तो चालूसुद्धा! डॉयलने ताडपत्रीची दोरी सोडली मात्र, ती पुढे सरसावली.

"अगं बाई, केवढी घाण! सरक रे, पाच मिनिटांत लखलखीत करते!"

"थांब!" वेंडेल दोन्ही हात पसरून मधे पडला. पाण्याचा फवारा त्याच्या छातीवर.

"वेड लागलं का तुला? धुवायला नको?"

पोंऽऽऽऽऽ!

पाइप नॅडीनच्या हातून गळून पडला आणि अंगणात सापासारखा वळवळत राहिला. तिने गाडीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "बॅटरी आहे तिच्यात?"

"नाही," वेंडेल म्हणाला. डोक्यावरून पाणी निथळत होतं. "नॅडीन, आत चल. तुला एका गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे."

तर ती शेव्हेल आहे अजून वेंडेलच्या गॅरेजात. धुतली नाही. चालवलीही नाही, कारण वारा लागेल. तो हिरवा रंग पुरता कधी पाहायलाच मिळाला नाही त्याला, दाराच्या कडेपाशी दिसतो तेवढाच. रविवारी जेवण झालं, की कॉफी घेऊन जातो आणि शेजारच्या सीटवर बसतो. ड्रायव्हरची जागा भरलेली आहे. ॲरिझोनाहून फोन येतो, "कसा आहे?" हा सांगतो, "बसलाय निवांत." आणि कधी कधी, कुणी ऐकत नाही असं पाहून, आपल्या म्हाताऱ्याला उद्देशून म्हणतो, "बघा. मी आलो नि आता तीही आली." मग डोळे पुसतो. बाहीने पुसतो. गॅरेजातल्या फडक्याला तो हात लावत नाही.

किंमत करायला मात्र अजून जातो हं! लांबून पाहतो, तोंड घट्ट मिटून घेतो. कुणी फारच आग्रह केला, की साहेब, जरा धूळ चाखून बघा, तर वेंडेल एक पाऊल मागे सरतो आणि आधी तिचं नाव विचारतो.